अनसूबाईंची उंची

यंदा होळीच्या आधीच नगरचं ऊन चढलं. सकाळी अकराला नळ सोडला तर पहिले दोन तांबे कढतच येतात. परवा मी माठाला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि तो वास आला, भिजलेल्या तागाचा, थोडा मातीचा, थोडा कुबट. बाकीच्यांसाठी तो माठाचा वास असेल. मला त्या वासानं भिंगारमधलं एक पत्र्याचं शेड आठवतं, आणि मी कधीही न पाहिलेली एक बाई.

इरा, निहार, डिसेंबरात तुम्ही आला होतात तेव्हा श्रीरामपूरच्या वाटेवर आपण एका चौकात चहाला थांबलो होतो. तिथल्या घोड्यावरच्या पुतळ्याकडे बघून निहारनं विचारलं, हा कोणी केला? तुमच्या बाबानं पुतळा कोणाचा आहे ते सांगितलं. निहार म्हणाला, ते मला कळलं, पण केला कोणी? मला उत्तर माहीत होतं, पण मला आधी लेखी पुरावा बघायची सवय. मी जाऊन चौथऱ्यावरची पाटी वाचून आले. अनावरण कोणाच्या हस्ते, प्रमुख पाहुणे कोण, समितीत कोण कोण, सगळं संगमरवरावर कोरलेलं होतं. करणाऱ्याचं नाव नव्हतं. तेवढ्यात चहा आला, इरानं त्यात साखर जास्त असल्याचं सांगितलं आणि विषय राहून गेला. तो आता लिहिते.

तो घोडा भानुदासआप्पांचा. नुसता तोच नाही. या जिल्ह्यात कुठल्याही रस्त्यानं निघा, तहसील कचेरीपुढचे, साखर कारखान्याच्या गेटवरचे, कॉलेजच्या आवारातले किती तरी पुतळे भिंगारच्या जुन्या बाजारामागच्या त्या शेडमधून उभे राहून गेलेले आहेत. आप्पा अंगानं काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, हात कोपरापर्यंत मातीचे. शेडमध्ये ते पुतळ्यांची नावं घेत नाहीत. ‘घोड्यावरचे’, ‘पुस्तकवाले’, ‘पागोट्यातले’ एवढंच म्हणतात. पहिल्यांदा मला ते उद्धटपणाचं वाटलं. मग लक्षात आलं, की ज्यांच्या पायाशी दिवसभर बसून काम करायचं त्यांचं नाव ऊठसूट घेणं त्यांना जमत नाही.

त्यांनी मला पुष्कळ गोष्टी दाखवल्या. जयंतीला पुतळ्याच्या गळ्यात हार पडतात, कधी मणभर, शिडी लावून. म्हणून खांद्याचा उतार असा ठेवायचा की हार घसरणार नाही आणि चेहराही झाकणार नाही. अंगरख्याच्या चुण्या अशा पाडायच्या की पावसाचं पाणी त्यात साचणार नाही. शिडी कुठल्या बाजूनं लागेल याचा विचार करून पाऊल पुढं काढायचं. मी तीस वर्षं शाळेत काढली, इतक्या पुतळ्यांना इतके हार घातले गेलेले पाहिले, पण हार टिकतो तो कोणीतरी टिकवलेला असतो हे मला साठी उलटल्यावर कळलं.

मी तिथे पोचले ती एका समितीमुळे. बेलापूरजवळच्या ज्या गावातून मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, त्या शाळेच्या पहिल्या शिक्षिका अनसूबाई. एका गोठ्यात त्यांनी वर्ग सुरू केला, पुढं त्याचीच शाळा झाली. त्या माझ्या किती तरी आधीच्या. त्यांच्या खुर्चीत मी बसले, त्यांच्या हातची रजिस्टरं वाचली, पण त्यांना पाहिलं नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, की जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी बाईंचा पुतळा आवारात उभा राहिला पाहिजे. हे विद्यार्थी म्हणजे सत्तरी ओलांडलेले शेतकरी. कागदपत्रं नीट राहावीत म्हणून समितीत मला घेतलं.

अडचण अशी, की बाईंचा फोटो एकच. भोवती जमिनीवर मुलं, मध्ये खुर्चीत बाई, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत आणि त्याच्या सावलीत चेहरा बुडालेला. दिसतो तो एक खालचा ओठ. मला वाटलं, आप्पा काम परत करतील. त्यांनी फोटो उन्हात धरला, सावलीत धरला आणि म्हणाले, “मॅडम, आजवर जेवढे केले त्येंचे चेहरे ठरल्याले. कॅलिंडरातल्यापेक्षा नाक एक सूत हललं तर लोक भांडायला येत्यात. हिचा चेहरा कुनाकडंच न्हाई. हिला मला हुडकायची हाय.” चाळीस वर्षांत एवढं एकच काम त्यांच्या वाट्याला असं आलं होतं. त्यांच्या बोलण्यात मिनतवारी नव्हती, पण फोटो मला परत देताना त्यांनी तो जरा जास्त वेळ धरून ठेवला.

मग त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं. दहा-बारा जण टेम्पोतून आले. त्यांचे म्होरके नामदेवआण्णा, आवाज खणखणीत, दोन्ही गुडघे गेलेले. बाई कशा होत्या या एका प्रश्नावर त्या शेडमध्ये जो गलका झाला तो मी कुठल्याही वर्गात ऐकला नव्हता. बाई ताडाच्या झाडासारख्या उंच. दारातून वाकून आत यायच्या. हात एवढा लांब, की शेवटच्या ओळीतल्या पोराचा कान जागेवरून धरता यायचा. हनुवटीच्या खालच्या अंगाला तीळ, हा सगळ्यांना आठवत होता, नाक मात्र प्रत्येकाचं वेगळं. एकानं डोळे मोठे म्हटले तर दुसरा म्हणाला, तुला मोठेच दिसणार, तू रोज मार खायचास.

आप्पा ऐकत होते आणि माती लावत होते. आत सळ्यांचा सांगाडा, माती घसरू नये म्हणून त्याला तारेनं टांगलेल्या लाकडाच्या चिपा, त्यांवर हाताच्या तळव्यानं चेपलेली शाडू. महिन्याभरात सहा फुटांहून उंच, ताठ मानेची, हातात छडी घेतलेली एक दणकट बाई तिथे उभी राहिली. ती वाळू नये, तिला भेग पडू नये म्हणून आप्पांच्या पत्नी, सुभद्रावहिनी, तिला सारखी ओली गोणपाटं गुंडाळत. मार्चचं ऊन, वर पत्रा. तापातल्या माणसाच्या घड्या बदलाव्यात तशा त्या दर दोन तासांनी उठत. समितीनं माती पाहिली आणि सगळे खूष झाले. खाली पाच फूट उंच चौथरा बांधायचं ठरलं. मंजुरीच्या कागदावर सह्या झाल्या. तो कागद मी फाईलला लावला.

आणि मग घोटाळा केला तो मीच.

समारंभाच्या स्मरणिकेसाठी मी शाळेची जुनी दप्तरं चाळत होते. त्यात डेड स्टॉक रजिस्टर असतं, म्हणजे शाळेत खुर्च्या किती, नकाशे किती, घंटा किती याची यादी. अनसूबाईंच्या टपोऱ्या अक्षरात एक नोंद होती: ‘फळ्याशी उभे राहण्यासाठी लाकडी खोके, नग एक.’ आणि पुढच्या एका पानावर, ‘खोके मोडले. दुरुस्त करून घेतले.’

मी ते रजिस्टर मिटून ठेवलं. चहा केला. पुन्हा उघडलं. तो फळा माझ्याही काळात होता, भिंतीतच केलेला. साधारण उंचीच्या माणसाचा हात त्याच्या वरच्या कडेला सहज पोचतो.

ज्यांनी बाईंना पाहिलं, पण विद्यार्थी म्हणून नाही, असं कोण उरलं असेल याचा मी शोध केला. बेलापुरात चांगुणाबाई सापडल्या, नव्वदीच्या घरात, कान तिखट. तरुणपणी त्या नि अनसूबाई भिंतीला भिंत लावून राहायच्या, प्रवरेवर धुणं घेऊन बरोबर जायच्या. मी विचारलं, अनसूबाई उंच होत्या ना?

“कोन, अनसू?” म्हातारी इतकी हसली की तिच्या सुनेनं पाणी आणलं. “माझ्या कानाला लागायची ती. माझं पोलकं तिला झबल्यावानी व्हायचं.”

चांगुणाबाई स्वतः माझ्यापेक्षा चार बोटं कमी. मी तिळाचं विचारलं. तीळबिळ काही नव्हता, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. बारा वर्षं रोज जिच्या तोंडाकडे बघून बोलले तिचा तीळ मला ठाऊक नसेल काय, असंही वर ऐकवलं.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून स्वतःशी भांडत होते. सह्या झालेल्या आहेत. दोन दिवसांत प्लास्टरचा साचा घ्यायचा आहे, मग ओतकामाला दीड महिना. गावाला ती उंच बाई हवी आहे. कोणीही त्या खोक्याचं विचारणार नाही. मी गप्प बसले तर काहीच बिघडत नाही. पण आप्पा म्हणाले होते, हिला हुडकायची हाय. हे माझ्या हातात असताना मी त्यांना दुसरीच बाई ओतू द्यावी, हे मला पटेना.

दुपारी दोनला मी शेडमध्ये गेले आणि सगळं क्रमानं सांगितलं. आप्पांनी उंचीवर काही म्हटलं नाही. तिळावर मात्र ते अडकले. दहा-बारा जणांना दिसलेला तीळ शेजारणीला दिसत नाही, हे कसं? बराच वेळ ते मातीच्या बाईकडे बघत राहिले. मग एकदम खाली, जमिनीवर मांडी घालून बसले आणि मला म्हणाले, “मॅडम, जरा माझ्याम्होरं उभ्या ऱ्हावा.”

मी उभी राहिले.

“तुमच्या हनुवटीखाली वण हाय एक.”

तो आहे. मी सहा वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडले होते. तुमच्या आजोबांनी बेचाळीस वर्षांत तो कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. पण माझ्या पहिलीतल्या मुलांनी नक्की पाहिला असणार.

“समद्यांनी बाईंना खालनं बघितलंय,” आप्पा म्हणाले. “कुनी खोटं न्हाई बोललं.”

इरा, या डिसेंबरात तू माझ्याशी बोलताना मान खाली घालत होतीस. चार वर्षांची असताना माझा पदर ओढण्यासाठी तुला टाचा उंचवाव्या लागायच्या. त्या वेळी तुला दिसलेली आजी आता कोणालाच दिसत नाही, मलाही नाही. आरशात माणूस स्वतःला समोरून बघतो. आपल्याला खालून बघणारे मोठे होऊन निघून जातात, आणि आपण त्यांच्या डोळ्यांत केवढे होतो हे विचारायचं राहून जातं.

आप्पांनी वहिनींना हाक मारली आणि ओली गोणपाटं काढायला सांगितली. वहिनींना वाटलं, पाणी मारायचं आहे. त्यांनी बादली आणली. आप्पांनी दोन्ही मुठींत माती कापायची तार धरली आणि मातीच्या बाईच्या मानेशी लावली.

वहिनी हात कंबरेवर ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “महिनाभर हिला मी पानी पाजलं. माझ्या लेकीला दिवस गेल्ते तवाबी इतक्यांदा उठले न्हाई. आन् तुमी सही झाल्याली बाई मोडताय? पुढारी काय आरती वोवाळतील का?”

आप्पा म्हणाले, “नको मोडू म्हन. ठिवतो तशीच.”

 वहिनींनी बादली बाजूला केली, रिकामी घमेली पुढं सरकवली आणि माती भिजत ठेवायला हौदाचं झाकण काढलं. इतकी वर्षं कोणी एका माणसानं पुतळे केले असं मी समजत होते. त्या दुपारी ती समजूत गेली.

त्या शेडमधलं पुढचं सगळं जमिनीवरून झालं. आप्पा पाटावर बसून काम करत, आणि मधूनमधून पाटही काढून ठेवत. दुसरीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर त्यांनी सांगाड्यापुढच्या खांबावर खडूची रेघ ओढली होती. प्रत्येक फेरीनंतर ते त्या रेघेशी डोळे आणून बघत. ओळंबा कपाळावरून टाचेपर्यंत सोडत, पुन्हा खाली बसत. चार फूट आठ इंचांची एक लहानखुरी बाई हळूहळू उभी राहिली. छडी गेली. उजव्या हातात खडू आला. मान किंचित पुढं, समोर बसलेल्याचं उत्तर ऐकायला वाकल्यासारखी. चेहरा कोणाचा होता हे मी सांगू शकत नाही. पण एखादं मूल चुकीचं उत्तर देत असताना ते संपेपर्यंत मध्ये न बोलणाऱ्या बाई मी थोड्याच पाहिल्या आहेत, आणि ही त्यांपैकी होती.

मी रोज दुपारी रिक्षा करून जायची. परीक्षांचे दिवस. वाटेतल्या केंद्रांबाहेर पालक झाडांच्या सावलीत दाटलेले, पत्र्यांवरून उन्हाच्या लाटा. शेडमध्ये शिरलं की तो ओल्या गोणपाटाचा गार वास. मी फाईल घेऊन जायची, पण ती उघडायची नाही. आप्पा एका पापणीवर पूर्ण दुपार घालवत आणि संध्याकाळी ती काढून टाकत. मी इतकी वर्षं मुलांना खाडाखोड करू नका म्हणून सांगितलं. आता वाटतं, निदान एखाद्याला तरी सांगायला हवं होतं, की कर.

पण समितीचं काय, हा प्रश्न रोज तिथेच होता. आप्पांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं, की मंजूर माती मोडली, नवी बघायला या. पलीकडून बराच आवाज झाला. आप्पा एवढंच म्हणाले, “बगा आन् मग न्हाई म्हना.” अध्यक्षांना कोणीतरी मोबाईलवर फायबरचा तयार पुतळा पाठवला होता. चष्मा, हातात पुस्तक, नुसती ‘शिक्षिका’, उंची आपण सांगू तेवढी, पंधरा दिवसांत घरपोच. नवी माती नापसंत पडली तर तोच आणायचा, असं ठरवून ते निघाले होते. म्हणजे आप्पांनी आयुष्यात एकदाच हुडकलेली बाई त्याच दिवशी पुन्हा हौदात जाणार होती.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन दुपारी समितीचे लोक आले. मी आप्पांना आदल्या दिवशी म्हटलं होतं, की मी समितीला रजिस्टर दाखवते, चांगुणाबाईंचं सांगते, तिळाचं समजावते. मी मुद्देसूद टिपण काढून ठेवलं होतं. आप्पा म्हणाले, “सांगून दिसत न्हाई मॅडम.” मी टिपण पर्समध्येच ठेवलं. फार जड गेलं ते मला.

शेडमध्ये नेहमी चार प्लास्टिकच्या खुर्च्या असत. त्या दिवशी एकही नव्हती. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, शेजारी लग्नाला दिल्यात. शेजारी लग्न असल्याचं मला तरी दिसलं नाही.

गोणपाट निघालं. सहा जण उभे राहून बघत होते, आणि बाई त्यांच्या खांद्याला लागत होत्या.  मग नामदेवआण्णा बोलले, आणि त्यांचा तो खणखणीत आवाज फुटलेला होता.

“आप्पा, आमची बाई कापून टाकली तुमी.”

अध्यक्षांनी मोबाईल काढला. मागून कोणीतरी म्हणालं, एवढीशी बाई आवारात पोरांच्या चेंडूनं पडायची. दुसरा हसला. तिसरा म्हणाला, चौथरा दहा फुटी करा, मंग दिसंल. आप्पा भिंतीशी उभे होते. त्यांनी हातातलं ओलं फडकं पिळलं, पुन्हा पिळलं, त्यातून थेंबही पडत नव्हता. माझा हात पर्सच्या चेनीवर गेला होता. वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं, की मी तो काढून घेतला.

नामदेवआण्णांचे गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत. त्यांनी इकडेतिकडे खुर्ची शोधली, नाही मिळाली. मग एक हात शेजाऱ्याच्या खांद्यावर, एक जमिनीवर असं करत, कण्हत, बाईंच्या अगदी समोर ते गोणपाटावर बसले. पाय लांब केले. उपरण्यानं घाम पुसला. मान वर केली.

अध्यक्ष बोलत होते, फायबर वजनाला हलकं असतं, रंग मागू तो मिळतो. आण्णांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ते वर बघत होते. मग त्यांनी लांब केलेले पाय हळूच जवळ ओढून घेतले. थोडा वेळ गेला. मग बसले होते त्यापेक्षा जास्त कष्टानं ते उठले, कोणाशी न बोलता बाहेर गेले. हौदाजवळ त्यांनी गालातली तंबाखू थुंकली, दोनदा चूळ भरली, तोंड धुतलं, उपरण्यानं पुसलं. आत येऊन पुन्हा त्याच जागी बसले. या वेळी मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर.

अध्यक्षांचं बोलणं मध्येच थांबलं होतं.

“बसा की,” आण्णा मागं न बघता म्हणाले. “बाईंम्होरं उभं काय ऱ्हायलाय.”

आधी चेंडूवाले बसले. मग चौथरावाले, मग बाकीचे, एकमेकांना धरत, धोतरं आणि पायजमे सावरत. वर पत्रा उन्हानं तडतडत होता. अध्यक्षांनी मोबाईल खिशात टाकला, वहाणा काढून दाराशी ठेवल्या आणि तेही बसले. मी अनसूबाईंची विद्यार्थिनी नव्हते. तरी साडी आवरून मी त्यांच्या मागच्या ओळीत बसले आणि वर पाहिलं.